कानस लावण्याआधी : रोटरी इंजिनाचं पोर्टिंग कसं निवडायचं?

सबमिशनच्या फायली उरकत बसलो होतो, तेवढ्यात ऑकलंडहून मावसभावाचा फोन आला. दादा न्यूझीलंडमध्ये नोकरीला आहे. घरात त्याच्यासाठी मुली बघणं चालू असताना या माणसाने साठवलेल्या पैशातून १९८३ सालची जुनी माझदा आरएक्स-७ घेतली. मावशी त्याबद्दल अजून बोलते, पण तो विषय वेगळा.

"इंजिन खोललंय. प्लेटा धुऊन टेबलावर मांडल्यात. पोर्टिंग करायचं तर आत्ताच. स्ट्रीट करू की ब्रिज? मेकॅनिकलला आहेस ना, सांग."

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "ब्रिज!" कारण ब्रिजपोर्ट केलेली रोटरी आयडलिंगला उभी असताना जो 'ब्रॅप-ब्रॅप-ब्रॅप' आवाज करते तो मी व्हिडिओत शंभर वेळा ऐकलाय.

"आवाज ऐकून इंजिन निवडतात का रे? ओतीव लोखंडाची प्लेट आहे ही. एकदा घासली की परत भरता येत नाही. आणि सोमवारी याच गाडीने मला ऑफिसला जायचंय."

फोन ठेवला आणि लाज वाटली. थर्मलला बरे मार्क असलेल्या मुलाने द्यायचं हे उत्तर नव्हतं. पुढचे दोन आठवडे कागद-पेन घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

आधी थोडी ओळख. रोटरीत व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाही, टायमिंग चेनसुद्धा नाही. फुगीर त्रिकोणासारखा रोटर, कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि हाउसिंगची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि ते फिरता फिरता लहान-मोठे होत राहतात. हवा आत येते ती बाजूच्या प्लेटमधल्या भोकातून, आणि भोक उघडायचं-झाकायचं काम खुद्द रोटरच करतो. ज्यांनी यामाहा आरएक्स १०० चं सिलिंडर घासून आणलंय (आपल्या पार्किंगमध्ये असे दोघे तरी आहेत), त्यांना वेगळं सांगायला नको. टू-स्ट्रोकप्रमाणे इथेही भोकाची कड हाच कॅमशाफ्ट. कड दोन मिलिमीटर सरकवली की टायमिंग बदललं.

दादाच्या गाडीत १२ए इंजिन आहे. दोन रोटर, एक्सेंट्रिक शाफ्टची उत्केंद्रता १५ मिमी, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिमी, रुंदी ७० मिमी. एका कप्प्याचं विस्थापन काढायचं सूत्र फार गोड आहे : ३ × √३ × उत्केंद्रता × त्रिज्या × रुंदी. सेंटिमीटरमध्ये घातलं तर ३ × १.७३२ × १.५ × १०.५ × ७ = ५७३ घनसेंमी. पुस्तकातही ५७३च आहे. नंतरच्या १३बी इंजिनात माझदाने फक्त रुंदी ८० मिमी केली, की झालं ६५४. करून बघा, परीक्षेतल्यापेक्षा मजा येते.

रोटर एक फेरा मारतो तेव्हा शाफ्ट तीन फेरे मारतो. म्हणजे टॅकोमीटर ९००० दाखवतो तेव्हा रोटर ३०००नेच फिरत असतो. आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे पिस्टन इंजिनात प्रत्येक स्ट्रोक शाफ्टच्या १८० अंशांचा, तर रोटरीत २७० अंशांचा. ९००० आरपीएमला पिस्टनच्या सक्शनला ३.३ मिलिसेकंद मिळतात, रोटरीला ५. श्वास घ्यायला दीडपट वेळ. रोटरीला वरचे आरपीएम आवडतात त्याचं एक मोठं कारण हे, आणि दुसरं म्हणजे वरखाली आपटणारं काहीच नाही.

पण गरजही तेवढीच मोठी. शाफ्टच्या दर फेऱ्याला दोन्ही रोटर मिळून ११४६ घनसेंमी हवा मागतात. ६००० आरपीएमला सेकंदाला ११५ लिटर, ९०००ला १७२ लिटर. मूळ १२ए अमेरिकेत १०० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं गेलं, तेही ६००० आरपीएमला. त्यापुढे त्याची भोकं लहान पडायला लागतात. म्हणून पोर्टिंग.

आता प्लेट डोळ्यांसमोर आणा. भोकाच्या चारही बाजूंना कुणी ना कुणी शेजारी आहे. आतल्या बाजूला रोटरच्या ऑइल सीलची वाट. तिकडे कापलं तर सील भोकावरून जाणार आणि ऑइल थेट कप्प्यात. बाहेरच्या बाजूला कॉर्नर सीलची वाट. हे सील म्हणजे रोटरच्या टोकाशी बसवलेलं छोटं गोल बटण, त्याला खालून आधार लागतो. वरच्या बाजूला जागा आहे, पण साइड सील तिथून तिरकं सरकत येतं. कड त्याला समांतर राहिली तर सील अख्खंच्या अख्खं भोकात झुकून कडेवर आपटतं. म्हणून वरची कड तिरपी ठेवायची आणि तिला हलकी चँफर द्यायची. आणि भोकाच्या आत, रनरमध्ये, भिंतीमागे पाणी खेळतंय. उत्साहाच्या भरात खोल गेलात तर वॉटर जॅकेटला खिडकी पडते आणि प्लेट भंगारात.

या चारांपैकी टायमिंग ठरवणाऱ्या कडा दोनच. बाहेरची कड पोर्ट कधी उघडणार ते ठरवते, वरची कड कधी बंद होणार ते. मला आधी कळलं नव्हतं ते हे, की या दोन कडांचे परिणाम अगदी वेगवेगळे आहेत आणि 'पोर्ट मोठं केलं' या एका वाक्यात आपण त्यांची खिचडी करतो.

वरच्या कडेपासून सुरू करू. मूळ १२एमध्ये सक्शन पोर्ट टीडीसीनंतर ३२ अंशांनी उघडतं आणि बीडीसीनंतर ४० अंशांनी बंद होतं. कप्पा बीडीसीला सर्वांत मोठा झाला, मग लहान व्हायला लागला, तरी पोर्ट उघडंच. का? कारण रनरमधून धावत आलेल्या हवेला वेग असतो, ती लगेच थांबत नाही. लोकलच्या दारात आतले लोक जागा नाही म्हणून ओरडत असले तरी मागच्या रेट्याने चार जण आत येतातच, तसं. ९००० आरपीएमला ४० अंश म्हणजे जेमतेम ०.७४ मिलिसेकंद, एवढ्यात रेटा संपत नाही, पोर्ट अजून थोडं उघडं राहिलं तर अजून हवा येईल. पण ३००० आरपीएमला तेच ४० अंश २.२ मिलिसेकंदांचे होतात. रेटा कधीच संपलेला असतो आणि कप्पा आलेली हवा उलट बाहेर ढकलत असतो. बंद होणं ६० अंशांपर्यंत नेलं तर खालचा टॉर्क थोडा जातो, वरचा वाढतो. सरळ व्यवहार आहे. नुकसान होतं पण ते मोजता येतं, आणि गिअर एक खाली टाकून भरून काढता येतं.

बाहेरच्या कडेचं तसं नाही. पोर्ट लवकर उघडणं म्हणजे एक्झॉस्ट अजून उघडं असताना उघडणं. १२एचं एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या परिघावर आहे आणि टीडीसीनंतर ३८ अंशांपर्यंत उघडं राहतं. सक्शन ३२ला उघडतं. म्हणजे दोन्ही एकदम उघडी राहतात ती फक्त ६ अंश. याला ओव्हरलॅप म्हणतात, आणि कंपनीने तो मुद्दाम एवढासा ठेवला होता. जर्मनीच्या एनएसयूने आपल्या रोटरी गाड्यांत सक्शन परिघावरच दिलं होतं. माझदाने १९६७च्या कॉस्मो स्पोर्टपासून ते बाजूच्या प्लेटमध्ये नेलं, हेतू हाच की कमी आरपीएमला इंजिन गुळगुळीत चालावं.

बाहेरची कड साध्या पद्धतीने फार तर सहा-सात अंश सरकते, पुढे कॉर्नर सीलची वाट आड येते. स्ट्रीटपोर्ट म्हणतात तो एवढाच : थोडं लवकर उघडणं, बरंच उशिरा बंद होणं, आणि आतला रनर नीट वळणदार करणं.

ब्रिजपोर्ट करणारा ती वाट ओलांडून पलीकडे भुवईच्या आकाराची दुसरी चीर कापतो. मधे लोखंडाची अरुंद पट्टी ठेवतो, तिच्यावरून कॉर्नर सील जातं. हाच तो ब्रिज. चीर हाउसिंगच्या भिंतीला खेटून असल्यामुळे पोर्ट टीडीसीच्या कितीतरी आधी उघडतं आणि ओव्हरलॅप ६ अंशांवरून एकदम शंभरीच्या घरात किंवा पुढे जातो. चीर अजून मोठी केली तर ती पाण्याच्या सीलच्या हद्दीत शिरते आणि तिथली खाच भरून घेण्याचे उद्योग करावे लागतात. पट्टी पातळ राहिली, कड धारदार राहिली, तर ती तडकते. तडकलेला तुकडा कुठे जाणार? रोटरबरोबर फिरायला. दादाच्या ओळखीतल्या एकाचं असंच झालं. दोन्ही रोटर, एक हाउसिंग आणि सगळी सीलं घेऊन ते प्रकरण संपलं.

मला आवडणारा तो आवाज मुळात काय आहे हे कळलं तेव्हा मी स्वतःवरच हसलो. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे सक्शनकडे निर्वात, एक्झॉस्टकडे वातावरणाचा दाब. दोन्ही दारं एकदम उघडी राहिली की जळलेला वायू मागे फिरून ताज्या मिश्रणात मिसळतो. मिश्रण एवढं पांचट होतं की पेटतच नाही. ती फेरी फुकट जाते. पुढच्या वेळी न पेटलेलं मिश्रण आधीचा धूर धुऊन काढतं आणि मग एक बार नीट उडतो. पुन्हा फुकट, पुन्हा बार. म्हणजे 'ब्रॅप-ब्रॅप' हे चक्क मिसफायरिंग आहे! आपल्या हिरो होंडाने असा आवाज केला असता तर आपण प्लग बदलायला नेली असती.

अर्थात वर गेल्यावर हाच ओव्हरलॅप सोन्यासारखा आहे. एक्झॉस्टची लांबी बरोबर जमली तर बाहेर गेलेल्या धक्क्यामागून येणारी कमी दाबाची लाट नेमकी त्या वेळी पोर्टवर पोचते आणि ताजं मिश्रण ओढून घेते. शर्यतीचं इंजिन यावरच जगतं. पण त्यासाठी मोकळा एक्झॉस्ट हवा. मोठा सायलेन्सर लावला की मागचा दाब वाढतो, धूर परत आत, आणि ब्रिजचा फायदा तिथेच संपला. दादाकडे वॉरंट ऑफ फिटनेस नावाची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते, त्यात आवाजही बघतात. म्हणजे सायलेन्सर काढायचा प्रश्नच नाही.

तिसरा प्रकार पेरिफेरल पोर्ट. प्लेटमधली भोकं बुजवून टाकायची आणि हाउसिंगच्या भिंतीतच सरळ गोल भोक पाडायचं. हवेला वळणच नाही, वरच्या टोकाला याच्याइतकी ताकद कुणाकडे नाही. १९९१ साली ल मां जिंकलेली माझदा ७८७बी याच जातीची. चार रोटरचं आर२६बी इंजिन, २६१६ घनसेंमी, ९००० आरपीएमला ७०० पीएस. पण त्या इंजिनात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्याच्या सक्शन ट्रंपेटची लांबी चालू गाडीत आरपीएमनुसार कमी-जास्त होत असे. म्हणजे चोवीस तास फक्त पळायचं असलेल्या गाडीलाही मधल्या आरपीएमचा टॉर्क लागत होता, आणि तो मिळवण्यासाठी कंपनीला एवढी यंत्रणा उभारावी लागली. दादाकडे ती नाही. त्याच्याकडे जुना चार बॅरलचा निक्की कार्बोरेटर आहे.

इथपर्यंत माझं मत 'ओव्हरलॅप वाईट पण आरपीएम हवेत तर घ्यावाच लागेल' असं होतं. ते बदललं आरएक्स-८मुळे. २००३ साली आलेल्या या गाडीच्या रेनेसिस इंजिनात माझदाने एक्झॉस्टसुद्धा परिघावरून काढून बाजूच्या प्लेटमध्ये नेलं आणि ओव्हरलॅप शून्यावर आणला. शून्य! आणि तरी हे इंजिन टर्बोशिवाय जपानी आकड्यांप्रमाणे ८५००ला २५० पीएस देत होतं, रेडलाइन ९०००. (अमेरिकेत नंतर आकडा खाली आणावा लागला, पण तो वाद निराळा.) म्हणजे वर फिरायला ओव्हरलॅप लागतोच असं नाही. लागतं ते भोकाचं क्षेत्रफळ आणि उशिरा बंद होणं. तिथे सहा सक्शन पोर्ट होती, त्यातली सगळ्यांत उशिरा बंद होणारी फक्त वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हने उघडायची. खाली लवकर बंद, वर उशिरा बंद. सगळा खेळ वरच्या कडेचा.

मग मी गिअरबॉक्सकडे वळलो. हे खरं तर सगळ्यांत आधी करायला हवं होतं. दादाच्या गाडीचे रेशो साधारण ३.६७, २.२२, १.४३ आणि १.००. समजा ८००० पर्यंत खेचून गिअर बदलला. पहिल्यातून दुसऱ्यात पडताना टॅकोमीटर येतो ८००० × २.२२ ÷ ३.६७, म्हणजे सुमारे ४८४०ला. दुसऱ्यातून तिसऱ्यात ५१५०, तिसऱ्यातून चौथ्यात ५६००. म्हणजे इंजिनाने ४८०० ते ८००० एवढ्या पट्ट्यात मनापासून काम केलं पाहिजे. ब्रिजपोर्ट साधारण साडेपाच हजारांच्या पुढे अंगात येतो. मूळ गिअरबॉक्समध्ये प्रत्येक वेळी दुसरा टाकल्यावर गाडी त्याच्या झोपेच्या पट्ट्यात पडणार, जाग येईपर्यंत शेजारची गाडी पुढे. त्यावर उपाय जवळजवळ रेशोंचा गिअरबॉक्स किंवा अजून वर खेचणं, ९००० पर्यंत. गिअरबॉक्सचे पैसे नाहीत. राहिलं वर खेचणं.

त्याचाही हिशेब केला. रोटरचा मध्य १५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात शाफ्टच्या वेगाने फिरतो. ७००० आरपीएमला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८२० पट, ९०००ला साडेतेराशे पट. आरपीएम वर्गात जातात ना, म्हणून २९ टक्के आरपीएमसाठी ६५ टक्के जास्त भार. बेअरिंगवर तो येतोच, शिवाय शाफ्ट वाकतो आणि रोटरचे कोपरे प्लेटला घासायला लागतात. एपेक्स सीलचा भिंतीवरचा वेग ९०००ला कमाल ताशी १७० किलोमीटर भरतो (सेकंदाला ४७ मीटर). म्हणजे तिथे रोज जायचं तर बॅलन्सिंग, रोटरच्या बाजूंना क्लिअरन्स, कडक केलेले स्टेशनरी गिअर, वाढवलेला ऑइल प्रेशर, हे सगळं आलं. पोर्टिंगला ग्राइंडर आणि शनिवार-रविवार लागतो. त्या पोर्टिंगला शोभेल असं बाकीचं इंजिन करायला अख्खा पगार लागतो.

दादाला मधला मार्ग सुचला होता : हाफ-ब्रिज. मधल्या प्लेटची पोर्टं साधी ठेवायची, फक्त पुढच्या-मागच्या प्लेटांना ब्रिज. कल्पना हुशारीची आहे, कारण कार्बोरेटरची प्रायमरी बॅरल मधल्या प्लेटला हवा देतात आणि सेकंडरी बाहेरच्या प्लेटांना. पण चीर एकाच प्लेटला पाडली तरी रोटरच्या कप्प्याला ती उघडीच दिसते. थ्रॉटल बंद असला तरी धूर त्या रनरमध्ये शिरणारच. पूर्ण ब्रिजपेक्षा बरं, पण सोमवारी ऑफिसला नाही. गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर जाणारी असती तर मी आजही ब्रिजच सांगितला असता, हे मात्र नोंदवून ठेवतो.

हाफ-ब्रिजमधली हुशारी तेवढी आम्ही उचलली. मधल्या प्लेटची पोर्टं जवळजवळ जशीच्या तशी, फक्त ओतकामाचे खडबडीत उंचवटे साफ करायचे. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गाडी याच भोकांवर चालते. बाहेरच्या दोन्ही प्लेटांची वरची कड ६० अंशांपर्यंत. बाहेरची कड कुठेही कापायची नाही. एक्झॉस्टला उघडणारी आणि बंद होणारी कड मूळ जागी, फक्त आतली वाट मोकळी. टॅकोमीटरची हद्द ८०००. आणि पोर्टिंगच्या जोडीला कार्बोरेटरचे जेट व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कारण नाकपुडी मोठी करून घसा तोच ठेवला तर श्वास वाढत नाही.

मार्किंग ब्लू लावून दादाने रेघा मारल्या आणि फोटो पाठवला. मी म्हटलं, रेघेवर विश्वास ठेवू नकोस, रोटर बसव, शाफ्टला डिग्री व्हील लाव आणि अंश मोज. मोजलं तर पुढच्या आणि मागच्या प्लेटच्या रेघांत चार अंशांचा फरक निघाला. टेम्प्लेट एकच होतं, हात हलला होता. मागची रेघ स्पिरिटने पुसून परत मारली. मग पहिल्यांदा ग्राइंडर चालू झाला, आणि शेवटचे दोन मिलिमीटर दादाने कानशीनेच काढले. दोन रविवार गेले.

मार्चमध्ये इंजिन चढलं. रनिंग-इन संपल्यावर त्याने फोन स्पीकरवर टाकून गाडी सुरू केली. मावशी आमच्याकडेच आली होती, तीही ऐकत बसली. आयडलिंग एकसारखं, शिलाई मशीनसारखं. मग त्याने हळूहळू वर नेलं, आणि पूर्वी जिथे दम लागायचा तिथून पुढे ते तसंच ताणत गेलं, न अडखळता. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

मावशी म्हणाली, "एवढा पैसा घातला, आणि आवाज तर पहिल्यासारखाच येतोय की रे!"

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी